करवत, टेबल आणि दहा बोटे

घरात फर्निचरचे काम निघाले की मिस्त्री पहिल्या दिवशी काय करतो ते आपण सर्वांनी पाहिले आहे. प्लायच्या एका तुकड्याला तो मधोमध फट पाडतो, आपले हातातले कटर मशीन उलटे करून त्या फटीखाली स्क्रूने आवळतो आणि ती फळी दोन घोड्यांवर ठेवतो. झाले टेबल तयार. फटीतून वर आलेले गोल पाते उघडेच फिरत राहते. त्यावर झाकण नाही, बाजूला सरळ पट्टी असली तर असली. मग दोन माणसे आठ फुटी शीट त्या पात्यावर ढकलू लागतात. बडोद्यात असो, इंदूरला असो की बेळगावला, हे दृश्य सारखेच. घरातली मंडळी भुशापासून वाचण्यासाठी दार लावून घेतात आणि पलीकडे दहा-वीस बोटे त्या पात्यापासून चार अंगुळांवर दिवसभर फिरत असतात.

आम्ही तिघे मंडळाच्या सजावट समितीतले. तिघेही डिप्लोमावाले, दोघे राज्य सरकारच्या नोकरीत. सुट्टीच्या दिवशी लाकडाशी खेळण्याचा छंद. तीन वर्षांपूर्वी आम्ही आमच्यापैकी एकाच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत सरकत्या टेबलाची करवत बसवली. बाजारात तिला पॅनल सॉ म्हणतात. ती बसवताना आणि वापरताना एक गोष्ट लक्षात येत गेली. या यंत्रातले पाते दोनशे वर्षांपूर्वीचेच आहे, बदलले आहे ते पात्याभोवतीचे सगळे. त्या बदलाचा इतिहास स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटले.

करवत हे आपल्या भाषेत फार खोल रुतलेले हत्यार आहे. मोक्षासाठी काशीला जाऊन करवतीखाली देह देण्याच्या कथा आपल्या आजीने सांगितलेल्या असतात. त्यावरून काशीकरवत हा शब्दच झाला. विदर्भातल्या करवतकाठी साडीच्या काठावर करवतीचे दाते विणलेले असतात. बारा बलुतेदारांतला सुतार नांगर, बैलगाडी, पाळणा, देव्हारा असे सगळे वाकस, पटाशी, रंधा, गुण्या आणि करवत एवढ्यावर करी. आपल्याकडची जुनी हातकरवत ओढताना कापत असे, कारण तिचे दाते मुठीकडे वळलेले. सुतार जमिनीवर बसे, लाकूड पायाच्या बोटांनी दाबून धरी आणि करवत स्वतःकडे ओढी. मोठ्या ओंडक्याच्या फळ्या पाडायच्या तर दोघांची करवत लागे, एक जण ओंडक्यावर उभा आणि दुसरा खाली डोळ्यांत भुसा घेत. इथला तांबेकर वाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांनी पुढच्या वेळी लाकडी खांबांकडे आणि तुळयांकडे या नजरेने जरूर पाहावे. लाकडाचा तो सगळा संसार हाताच्या हत्यारांच्या काळातला आहे.

हातकरवतीत एक सोय होती. ती माणसाच्या ताकदीने चालते, त्यामुळे माणूस थांबला की ती थांबते. बोटाला लागले तर चरा पडतो, चिंधी बांधून काम पुढे चालू होते. पात्याला हाताव्यतिरिक्त दुसरी ताकद मिळाली आणि हे नाते तुटले.

युरोपात ही दुसरी ताकद पाण्याची आणि वाऱ्याची होती. पाणचक्कीवर चालणाऱ्या करवतीचे चित्र तेराव्या शतकातल्या फ्रेंच वहीत सापडते. इंग्लंडमध्ये मात्र या गिरण्या उशिरा आल्या आणि त्याचे कारण तांत्रिक नव्हते. लंडनच्या लाइमहाउस भागात चार्ल्स डिंग्ली याने वाऱ्यावर चालणारी करवतीची गिरणी उभारली, ती १७६८ च्या मे महिन्यात करवत ओढणाऱ्या मजुरांच्या जमावाने मोडून टाकली. त्यांना भीती पोटाची होती. हाताची भीती अजून कोणाला नव्हती, कारण या सगळ्या करवती सरळच होत्या. हातकरवतीसारख्याच वरखाली जाणाऱ्या.

गोल पाते नक्की कोणाच्या डोक्यातून निघाले यावर भांडण आहे. साउदॅम्प्टनचा सॅम्युअल मिलर याच्या १७७७ च्या पेटंटात गोल करवतीचा उल्लेख आहे, पण तो ज्या सहजपणे येतो त्यावरून ही वस्तू त्या भागात आधीच माहीत असावी. त्याच गावचा वॉल्टर टेलर ब्रिटिश आरमाराला जहाजाच्या दोरखंडांच्या लाकडी कप्प्या पुरवत असे आणि त्याच्या कारखान्यात गोल करवती चालत होत्या. अमेरिकेत ही कथा वेगळी सांगतात. मॅसॅच्युसेट्समधल्या शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या बाईंनी १८१३ च्या सुमारास दोघा मजुरांना करवत ओढताना पाहिले. परतीची ओढ फुकट जाते हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी चरख्याच्या चाकाला दाते पाडले, अशी ती कथा. कथा गोड आहे, पण साउदॅम्प्टनचे काम तिच्या कितीतरी आधीचे. तरीही परतीची ओढ फुकट जाते हे निरीक्षण बरोबरच आहे. गोल पात्याला परतायचेच नसते.

आमच्या मते या इतिहासातला सर्वांत मोठा माणूस सॅम्युअल बेंथम. तत्त्वज्ञ जेरेमी बेंथम यांचा हा धाकटा भाऊ. जहाजबांधणीत शिकलेला आणि बरीच वर्षे रशियात काढलेला. त्याने १७९१ आणि १७९३ साली लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. आज सुतारकामाच्या कारखान्यात जी यंत्रे दिसतात त्यांतल्या बहुतेकांची मूळ कल्पना १७९३ च्या पेटंटात आहे. गोल करवतीसाठी फट असलेले टेबल, पात्याला समांतर राहणारी मार्गपट्टी, तिरप्या कापासाठी सरकणारा कोनमापक हे सगळे त्यात आहे. पडवीतल्या आमच्या यंत्राचे भाग मोजत गेलो तर निम्मे बेंथमच्या यादीत सापडतात.

घरगुती कारखान्याच्या दृष्टीने आम्हाला विशेष गंमत वाटली ती अशी, की ही यंत्रे पहिल्यांदा घरातच बसवली गेली. लंडनच्या क्वीन स्क्वेअर प्लेसमधले जेरेमी बेंथम यांचे राहते घर त्या काळात यंत्रांचा कारखाना झाले होते. वेस्टमिन्स्टरसारख्या वस्तीत, तत्त्वज्ञाच्या घरात, लाकूड कापण्याची धडपड! शेजाऱ्यांचे काय झाले असेल ते आमच्या शेजाऱ्यांना विचारावे.

पण या घरगुती कारखान्यामागचा हेतू घरगुती नव्हता. जेरेमी बेंथम यांना पॅनॉप्टिकॉन नावाचा आदर्श तुरुंग बांधायचा होता. त्यात एका मध्यवर्ती ठिकाणाहून सगळ्या कैद्यांवर नजर ठेवता येणार होती. या कैद्यांना काम द्यायचे होते आणि कैदी काही सुतार नव्हते. म्हणून यंत्र असे हवे होते की कौशल्य यंत्राच्या पट्ट्यांत आणि सरकफळ्यांत राहील आणि माणसाने फक्त ढकलायचे. सुताराच्या हातातले कसब काढून टेबलात बसवण्याची ही सुरुवात. आज आपण मार्गपट्टीला शीट टेकवून सरळ कापतो तेव्हा आपणही त्या योजनेतले कैदीच असतो, फक्त हौशी.

तुरुंग झाला नाही. सॅम्युअल पुढे आरमाराच्या बांधकामांचा प्रमुख तपासनीस झाला आणि मार्क ब्रुनेल व हेन्री मॉडस्ले यांच्या साथीने पोर्टस्मथच्या गोदीत कप्प्या बनवण्याचा कारखाना उभा राहिला. १८०२ ते १८०८ या काळात तिथे ४५ यंत्रे बसली. पूर्वी ११० कुशल कारागीर जे काम करत ते १० साधे मजूर करू लागले आणि १८०८ मध्ये वर्षाला १,३०,००० कप्प्यांचे उत्पादन झाले. मोठ्या प्रमाणावरच्या यांत्रिक उत्पादनाचा हा जगातला अगदी सुरुवातीचा नमुना मानतात. त्यात लाकडाचे तुकडे पाडण्याचे काम गोल करवतीकडेही होते.

एकोणिसाव्या शतकात गोल करवत सगळीकडे पसरली आणि तिच्याबरोबर तिचा दोषही. तो दोष समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळणार नाही. टेबलाच्या फटीतून वर आलेल्या पात्याचे आपल्या बाजूचे दाते खाली जातात. ते लाकडाला टेबलावर दाबतात, ते चांगले. पण पलीकडच्या बाजूचे दाते वर येतात. कापलेले लाकूड जरा मिटले किंवा तिरके झाले की ते त्या वर येणाऱ्या दात्यांवर चढते, उचलले जाते आणि थेट आपल्या अंगावर फेकले जाते. किती वेगाने? आमचे पाते ३१५ मि.मी. व्यासाचे, मिनिटाला ४,००० फेरे. म्हणजे दात्याचा वेग सेकंदाला ६६ मीटर, ताशी जवळजवळ २४० किलोमीटर. आणि धक्का बसला की हात पुढे जातो, पात्यावर. बहुतेक बोटे अशी जातात. माणूस बेसावध असतो म्हणून जातातच असे नाही. लाकूड त्याचा हात ओढून नेते.

यावरचा पहिला उपाय साधा. पात्याच्या मागे, त्याच्याच रेषेत, पोलादाची एक पाचर उभी करायची. कापलेली फट तिच्यावरून पुढे सरकते आणि मिटू शकत नाही. ब्रिटनमध्ये १९२२ च्या लाकूडकाम यंत्रांच्या नियमांनी ही पाचर आणि पात्यावरचे झाकण सक्तीचे केले. एवढी स्वस्त आणि एवढी उपयोगी वस्तू दुसरी नाही, आणि मिस्त्रीच्या उलट्या कटरवर नेमकी तीच नसते.

दुसरा उपाय जरा मुळातून होता. बर्लिनच्या विल्हेल्म आल्टेंडोर्फ यांनी १९०६ साली जी करवत बनवली तिच्यात पात्याला लागून असलेला टेबलाचा डावा भागच रुळावर सरकत होता. लाकूड टेबलावर घासत ढकलायचे नाही, ते टेबलावर घट्ट धरून ठेवायचे आणि टेबलच पात्याजवळून पुढे न्यायचे. वाक्य छोटे आहे, पण त्याने सगळे बदलले. लाकूड आणि टेबल यांच्यात घसरणे उरले नाही, म्हणून तिरके होणे थांबले. हात लाकडाच्या पात्यालगतच्या कडेवर न राहता टेबलाच्या दूरच्या टोकाला गेला. आणि कापणारा माणूस पात्याच्या रेषेतून बाजूला, डावीकडे उभा राहू लागला; फेकलेला तुकडा आलाच तर तो त्याच्या शेजारून जातो. हा कारखाना पुढे मिंडेन गावी गेला आणि तिथून या यंत्राने जगभर नाव केले, इतके की कित्येक देशांत कारागीर कोणत्याही कंपनीच्या पॅनल सॉला आल्टेंडोर्फच म्हणतात.

हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच का सुचावे? आमचा तर्क असा. जुने फर्निचर सबंध लाकडाचे, चौकटी आणि दिल्हे यांचे. त्याचे तुकडे अरुंद असतात, करवतीने जरा वेडेवाकडे कापले तरी रंध्याने सरळ करता येतात. फर्निचर जसजसे रुंद सपाट तक्त्यांचे, वर पातळ लाकडी पापुद्रा चिकटवलेले होऊ लागले तसतशी ही मुभा संपली. रुंद तक्त्याची कड करवतीतूनच सरळ आणि काटकोनात निघाली पाहिजे. पुढे प्लायवुड आले. आपल्या देशात ते आसामच्या चहाच्या पेट्यांच्या निमित्ताने आले आणि हळूहळू घराघरात शिरले. आठ बाय चार फुटांचे १९ मि.मी. शीट पस्तीस-चाळीस किलोचे असते. ते एका माणसाने स्थिर टेबलावरून सरळ ढकलणे म्हणजे म्हशीला दोरीवरून चालवणे.

पात्याच्या दात्यांचीही एक कथा आहे, ती थोडक्यात. विजेचे दिवे बनवणाऱ्या जर्मनीतल्या ओसराम कंपनीला टंगस्टनची तार ओढण्यासाठी हिऱ्याचे साचे लागत आणि ते महाग पडत. तिथल्या कार्ल श्रोटर यांनी १९२३ मध्ये टंगस्टन कार्बाइड आणि कोबाल्ट यांची भुकटी एकत्र भाजून हिऱ्याला पर्याय शोधला. क्रुप कंपनीने तो विडिया या नावाने बाजारात आणला. जर्मन भाषेतल्या ‘हिऱ्यासारखे’ या अर्थाच्या शब्दांचे ते लघुरूप. आमच्या हार्डवेअरच्या दुकानात आजही ‘विडियाचं पातं द्या’ असेच म्हणतात आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही तो शब्द देशीच वाटतो. प्लायमधला गोंद साध्या पोलादाचे दाते तासाभरात बोथट करतो. विडिया नसते तर प्लायचे युग आले नसते.

दुसऱ्या महायुद्धानंतर भुशाचे दाबून केलेले बोर्ड आणि त्यावरचा चकचकीत लॅमिनेट आले. आपण त्या सगळ्याला सनमायकाच म्हणतो. पाते वरून खाली येत असल्याने लॅमिनेटच्या खालच्या बाजूला कपच्या उडतात. त्यासाठी मुख्य पात्याच्या पुढे एक छोटे पाते आले, साधारण १२० मि.मी. व्यासाचे आणि उलट्या दिशेने फिरणारे. ते खालून दोन-तीन मि.मी. चर आधीच पाडून ठेवते. युरोपातली करवत आज दिसते तशी झाली ती या दुसऱ्या पात्याने.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. मिलवॉकीत हर्बर्ट टाउट्झ यांनी १९१९ साली आपल्या गॅरेजमध्ये डेल्टा कंपनी सुरू केली आणि घरी सुतारकाम करणाऱ्या हौशी गृहस्थाला परवडतील अशी छोटी यंत्रे काढली. घरगुती कारखान्याची हौस सर्वसामान्यांपर्यंत पोचवण्याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. पण त्या छोट्या करवतीचे टेबल स्थिरच राहिले. सरकता होता तो फक्त एक हातभर कोनमापक. हौशी माणसाने लाकूड पात्यावर ढकलत राहावे हीच तिथली रीत झाली. त्याची किंमतही तिथल्या सरकारी ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजात दिसते. टेबल करवतीच्या जखमा वर्षाला ३० हजारांच्या घरात.

किमतीवरून आपल्या कायद्याकडे येऊ. नोकरीमुळे कायद्याची कलमे वाचण्याची आम्हाला सवय. १९२३ चा कामगार भरपाई कायदा, ज्याचे पुढे कर्मचारी भरपाई कायदा असे नाव झाले, त्याच्या पहिल्या परिशिष्टात बोटांचा दर दिलेला होता. अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के क्षमता गेली असे धरायचे. तर्जनी संपूर्ण गेली तर १४ टक्के, मधले बोट १२ टक्के, अनामिका किंवा करंगळी ७ टक्के. एका हाताची चारही बोटे गेली तर ५० टक्के. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा आम्ही तिघेही थोडा वेळ गप्प होतो. ज्या मिस्त्रींनी आमच्या मंडळाची सजावट अनेक वर्षे केली त्यांच्या डाव्या हाताचे मधले बोट नाही. १२ टक्के. त्यांना कोणी दिले नाहीत, कारण द्यायला मालकच नव्हता. ज्याच्या घरी काम चालले होते त्या गृहस्थाने रिक्षाचे पैसे दिले.

१९४८ च्या कारखाना कायद्याचे २१ वे कलम यंत्राच्या धोकादायक भागांना कठडा घालायला सांगत होते. पण मूळ कायद्यात विजेवर चालणाऱ्या जागी दहा कामगार असले तरच तो कारखाना ठरे. फिरता मिस्त्री आणि त्याचे दोन पोरगे त्यात येत नाहीत. आमची पडवीही येत नाही. तपासनीस येणार नाही, नोटीस लागणार नाही. म्हणून घरी करवत बसवणाऱ्याने स्वतःच तपासनीस व्हायचे असते. त्या कामात इतिहास फार उपयोगी पडतो, कारण यंत्राचा प्रत्येक भाग कशासाठी आला ते कळले की तो काढून ठेवायची इच्छा होत नाही.

आमच्या अनुभवातले काही सांगतो. ज्यांच्या घरी जागा आहे आणि मनात विचार आहे त्यांना उपयोग होईल.

जागा आधी मोजा. सरकते टेबल जेवढे लांब, त्याच्या दुपटीहून थोडी जास्त लांबी मोकळी लागते, कारण ते पात्याच्या अलीकडेही जाते आणि पलीकडेही. कारखान्यातले टेबल तीन मीटरच्या वर असते. आमची पडवी २२ बाय १३ फूट, म्हणून १६०० मि.मी.चे टेबल घेतले. आठ फुटी शीट आधी हातमशीनने साधारण दोन तुकड्यांत पाडून घेतो आणि मग करवतीवर अचूक करतो. वीज थ्री-फेज असली तर उत्तम. जमीन पक्की हवी. जुन्या फरशीखाली पोकळी असते, आमच्याकडे ती काढून काँक्रीट केले.

यंत्र समतल केल्यावर पहिले काम सरकत्या टेबलाची दिशा. ते पात्याला अगदी समांतर ठेवत नाहीत. पात्याच्या मागच्या टोकाशी केसभर, म्हणजे ०.०५ ते ०.१ मि.मी., दूर जाईल असे ठेवतात. त्यामुळे वर येणारे मागचे दाते लाकडाला शिवत नाहीत. मग काटकोन. इथे गुण्यावर विसंबू नका, कारण गुण्यापेक्षा करवत अचूक होऊ शकते. एक मोठा चौकोनी तुकडा घ्या. एक बाजू कापा, नुकतीच कापलेली बाजू पट्टीला टेकवून पुढची कापा, अशा चारही बाजू कापा. मग पाचव्यांदा पहिल्याच बाजूची बोटभर रुंद पट्टी काढा आणि तिच्या दोन्ही टोकांची रुंदी व्हर्नियरने मोजा. प्रत्येक कापाची चूक पुढच्यात मिळत जाते, म्हणून या पट्टीत ती चौपट दिसते. आमच्या ८०० मि.मी. लांबीच्या पट्टीत शेवटी ०.२ मि.मी. फरक राहिला, म्हणजे खरी चूक ०.०५. लाकडाला एवढे पुरे. पावसाळ्यात लाकूडच याहून जास्त फुगते.

पाचर पात्याच्या जाडीप्रमाणे निवडायची. पात्याचा पत्रा २.२ मि.मी. आणि दात्याचा काप ३.२ मि.मी. असेल तर पाचर या दोहोंच्या मधली. कापापेक्षा जाड पाचरीत लाकूड अडकते, पत्र्यापेक्षा पातळ पाचर काही कामाची नाही. सबंध लाकूड लांबीत चिरायचे असेल तर उजवीकडची मार्गपट्टी मागे ओढून तिचे टोक पात्याच्या मध्याशी आणा. ओल्या किंवा ताण असलेल्या लाकडाला कापल्यावर उघडायला जागा मिळते. ही युरोपातली पद्धत आहे आणि पात्याच्या शेवटापर्यंत लांब पट्टी पाहण्याची सवय असलेल्यांना ती चुकीची वाटते. अरुंद तुकडा ढकलायला काठी वापरा, बोट नव्हे. पात्याचे दातेही कामाप्रमाणे: सबंध लाकूड चिरायला २४-२८ दात्यांचे, प्लाय आणि लॅमिनेटला ७२ किंवा ९६ चे.

भुशाचा बंदोबस्त ही चैन नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्येच लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक म्हणून नोंदली आहे. आम्ही भुसा ओढणारे यंत्र करवतीबरोबरच घेतले आणि तोंडाला मास्क लावतो. हातमोजे मात्र घालत नाही. मोज्याचा धागा पात्यात सापडला तर हात आत जातो. मखराचे काम श्रावणात चालते आणि राखी पौर्णिमेनंतर प्रत्येकाच्या मनगटावर दोन-तीन राख्या असतात. बहिणींची क्षमा मागून त्या आम्ही खिळ्याला टांगतो. गंडेदोरे, गळ्यातला पंचा, सैल बाह्या यांनाही तोच नियम.

नवे तंत्र पुढे गेले आहे. अमेरिकेत पेटंटचे वकील असलेल्या स्टीफन गॅस यांनी १९९९ मध्ये अशी युक्ती शोधली की पात्यावर सूक्ष्म विद्युत संकेत सोडायचा आणि शरीराचा स्पर्श होताच तो बदलला की ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसवायचा. पाते सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागात थांबते, बोटाला फक्त ओरखडा उमटतो. मोठ्या कंपन्यांनी ती युक्ती घेतली नाही, म्हणून त्यांनी स्वतःच सॉस्टॉप नावाची करवत काढली; ती २००४ पासून विकली जाऊ लागली. अलीकडे आल्टेंडोर्फच्या करवतीत कॅमेरे आले आहेत. हात पात्याजवळ येताना दिसला की ते पाते टेबलाखाली ओढून घेतात. आमच्या करवतीत यातले काही नाही. तिच्यात १९०६ चे सरकते टेबल आहे, १९२२ च्या नियमांतली पाचर आणि झाकण आहे, आणि तेवढ्यावरही आमचे हात कापताना पात्यापासून दीड फूट लांब असतात.

बडोद्यातल्या डिप्लोमावाल्याने हे सगळे लिहावे आणि कलाभवनाचे नाव घेऊ नये असे होणार नाही. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये ते सुरू केले, तेही देशी भाषेतून शिकवण्याच्या आग्रहाने. हातातली विद्या शाळेत आणावी, तिच्यामागचे शास्त्र कारागिराला त्याच्या भाषेत कळावे हा विचार त्यामागे होता. दादासाहेब फाळके त्या संस्थेत शिकले हे बहुतेकांना ठाऊक असते. बेंथम बंधूंना सुताराचे कसब यंत्रात घालून माणूस मोकळा करायचा होता, गज्जरांना ते कसब माणसातच वाढवायचे होते. आमची सहानुभूती अर्थात गज्जरांकडे आहे. म्हणून गेल्या वर्षापासून मंडळाच्या कामाला येणाऱ्या तरुण मिस्त्रींना रविवारी सकाळी पडवी खुली ठेवली आहे. त्यांनी आपले शीट आणावे, पाते कसे लावायचे ते पाहावे, स्वतः कापावे. दोघांनी आपल्या उलट्या कटरमागे पोलादी पट्टीची पाचर बसवून घेतली आहे. पहिल्या दिवशी ती त्यांना अडचण वाटली, आता काढत नाहीत.

यंदाचे मखर आठ बाजूंचे आहे. त्यासाठी पाते २२.५ अंशांत कलवावे लागते आणि आठ फळ्यांच्या सोळा कडा त्याच कोनात निघाव्या लागतात. कोन दशांश एक अंशाने चुकला तरी सोळा कडांत मिळून तो दीड अंशाहून जास्त होतो, आणि ती सगळी फट शेवटच्या सांध्यात येऊन बसते. आम्ही आधी हलक्या प्लायचे सहा इंची नमुने कापले, चिकटपट्टीने जोडून पाहिले, पाते किंचित फिरवले, पुन्हा कापले. तिसऱ्या नमुन्याला आठवा सांधा मिटला. मग मोठ्या फळ्या घेतल्या. लांबी कुठेही भरावी लागली नाही.